ऑल्डविचचा जिना

कीथने भिंतींना रंगही देऊन टाकला होता. फिकट जांभळा, आईला न विचारता. चहाच्या दुकानात त्याने मोबाईलवर खोलीचा फोटो उघडून आईच्या हातात दिला. मुरियलने चष्मा पुसला, फोटो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "छान आहे. कुणाचं प्रेत ठेवणार इथे?"

एनिडने मान खाली घालून चहात साखर ढवळली. साखर तिने घातलेलीच नव्हती. हसू आलं होतं, पण आज ते दाखवणं परवडणारं नव्हतं. आज ती भाच्याच्या बाजूने होती.

"आई, तुला हा रंग आवडतो म्हणून दिला."

"टोपीला आवडतो. भिंतीला नाही."

"आमच्याच घरात, तळमजल्यावर, खिडकीतून बाग दिसते, एनिड मावशी दोन गल्ल्या सोडून राहते..."

"हे तू फायद्यांमध्ये धरतोयस का?" मुरियलने विचारलं.

लॉरेनने सासूपुढे केकची बशी सरकवली. आज मुरियलला ब्याऐंशी पूर्ण झाली होती. सकाळपासून लॉरेन प्रत्येकाशी इतकी गोड वागत होती की एनिडला संशय येऊ लागला होता. पण लॉरेनचा संशय यायला तसं फार लागत नसे.

भांडणाचं मूळ कांद्यांत होतं. महिन्यापूर्वी ड्रुरी लेनच्या आपल्या इमारतीच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, मुरियल पायरीवर बसलेली शेजारणीला सापडली. पिशवी निसटली होती आणि कांदे थेट रस्त्याच्या दारापर्यंत गेले होते. शेजारणीने कीथला फोन केला. त्या दिवसापासून कीथने 'पडलीस' हा शब्द धरून ठेवला होता.

"मी बसले होते," मुरियल आताही म्हणाली. "पडले ते कांदे."

"तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि तू एकटी. आणि आजचंही सांगतो, तू खाली उतरायचं नाहीस. मी तिकिटं काढली तेव्हा मला हे माहीत नव्हतं."

आजचं म्हणजे ऑल्डविच. होबर्नपासून फुटणारा लंडनच्या भुयारी रेल्वेचा तो एका स्टेशनाचा फाटा बंद पडून पंचवीसएक वर्षं झाली होती. आता संग्रहालयवाले अधूनमधून माणसांच्या टोळ्या खाली नेऊन तो दाखवत. कीथच्या घराण्यात त्या फाट्यावर कुणी ना कुणी झोपलं होतं, कमावलं होतं किंवा प्रेमात पडलं होतं. म्हणून कीथने आईच्या वाढदिवसाची भेट म्हणून चार तिकिटं काढली होती. नंतर कळलं की लिफ्ट मेलेल्या आहेत आणि फलाटापर्यंत गोल जिन्याने पायी जावं लागतं.

मुरियलने केकचा तुकडा गिळला आणि ओठ पुसले. ओठ असे सावकाश पुसले की मुरियल काहीतरी करणार, हे एनिडला सत्तर वर्षं ठाऊक होतं.

"ऐक कीथ. तो जिना माझ्या जिन्याच्या दुपटीहून मोठा आहे. मी खाली उतरते आणि वर येते. माझ्या पायांनी. कुठे बसणार नाही, कुठे थांबणार नाही. जमलं, तर त्या खोलीचं नाव पुन्हा माझ्यासमोर काढायचं नाही. तिथे काय वाटेल ते ठेव."

'काय वाटेल ते' म्हणताच लॉरेनने एकदम वर पाहिलं आणि तितक्याच पटकन चहाकडे पाहिलं.

"आणि नाही जमलं तर?"

"तर सोमवारी सामान बांधते. आणि त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही."

"तू एक शब्द बोलणार नाहीस?" एनिड म्हणाली. "कीथ, हिला आत्ताच डॉक्टरकडे ने."

कीथने मात्र पैज मनावर घेतली. तो विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करत असे. जळलेल्या स्वयंपाकघरांत आणि बुडालेल्या तळघरांत त्याची नोकरीची सगळी वर्षं गेली होती, आणि नियम लिहून दिल्याशिवाय त्याला कुठलीही गोष्ट खरी वाटत नसे. त्याने बोटांवर नियम सांगितले. बसायचं नाही. पुढचा माणूस थांबला तर थांबायला हरकत नाही, पण स्वतःहून थांबायचं नाही. कुणी धरून चढवायचं नाही.

"आणि पंच एनिड मावशी."

"ही?" मुरियल ओरडली. शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या. "मला धाप लागायच्या आधी शिट्टी वाजवेल ही!"

"म्हणूनच," कीथ म्हणाला.

एनिडने हातमोजे घातले. तिला हे काम आवडलं. तीन वर्षांपूर्वी तिनेही आपलं घर सोडलं होतं आणि शहराच्या टोकाला, ऑर्पिंग्टनला लेकीकडे, जॅनिसकडे, मागच्या खोलीत राहायला गेली होती. खोली उबदार होती, स्वच्छ होती, आणि तिथे बुधवारी मासे आणि नऊनंतर टीव्हीचा आवाज कमी. मुरियल मात्र अजून ड्रुरी लेनवर नाटकवाल्यांच्या, वेटरांच्या आणि पोलिसांच्या ओळखी काढत हिंडत होती. ती कीथकडे राहायला आली तर बोलायला माणूस मिळेल, हे एक. आणि तिलाच तेवढं मोकळं का सोडायचं, हे दुसरं. यांतलं खरं कारण कुठलं, याचा एनिडने फारसा तपास केला नव्हता.

*

नारिंगी जाकीट घातलेली गाईड बेथन नावाची वेल्श पोरगी होती. तिने वीसेक जणांना आत घेतलं आणि पहिल्यांदा लिफ्ट दाखवली. लाकडी, खोलीएवढी मोठी, वरच्या वर कायमची अडकवून ठेवलेली. आत एका कडेला तिकिटाची खिडकी होती.

"इथे स्वतंत्र तिकीट खिडकी चालवणं परवडत नव्हतं," बेथन म्हणाली, "म्हणून लिफ्ट चालवणारा माणूसच इथून तिकिटं विकायचा..."

"माझा नवरा," मुरियल म्हणाली.

सगळी टोळी वळली. बेथनच्या हातातला दिवा तसाच राहिला.

"सिरिल पोकॉक. एका हातात लिफ्टची कळ, दुसऱ्यात तिकिटं. मी म्हणायचे, एक होबर्न. तो म्हणायचा, आज परत? मी म्हणायचे, मावशी आजारी आहे हो तिथे. सबंध उन्हाळा मावशी आजारी होती बिचारी."

"होबर्नला आपली मावशी नव्हती," एनिड म्हणाली.

"म्हणून तर बरी होत नव्हती."

लोक हसले. लोकरी टोपीतला एक गृहस्थ, जो आल्यापासून दारांच्या बिजागऱ्यांचे फोटो काढत होता, त्याने आता मुरियलचा फोटो काढला. ती त्यासाठी खिडकीत कोपर टेकून उभीही राहिली. कीथ एनिडच्या कानाशी म्हणाला, "कोपर टेकलंय. हे विश्रांतीत धरायचं का?"

"पैज जिन्यावर सुरू होते," एनिड म्हणाली. पंच म्हणून ती न्यायी राहणार होती.

उतरणं सोपं गेलं. उतरणं हा तसा पुरावाच नव्हे. उतरताना शरीराचं वजन आपल्या बाजूला असतं. मुरियल पुढे, एनिड मागे, आणि मुरियलची बडबड गोल गोल फिरत वर येत होती: हवाई हल्ल्यांच्या दिवसांत याच जिन्याने गाद्या कशा खाली नेल्या, मिसेस टँडीने पिंजऱ्यासकट पोपट कसा नेला, आणि पोपटाला सायरनची नक्कल यायला लागल्यावर सगळ्या फलाटाने त्याच्याविरुद्ध कसा ठराव केला.

फलाटावर थंडी होती आणि जुन्या लोखंडाचा वास होता. रूळ होते तिथेच होते. बोगद्याचं काळं तोंड होबर्नकडे उघडं होतं. बेथनने सांगायला सुरुवात केली की युद्धात इथे लोक झोपायचे, आणि पलीकडच्या बोगद्यात ब्रिटिश संग्रहालयाने आपले ग्रीक पुतळे लपवले होते. पण तोपर्यंत लोक तिच्याकडे पाहायचे थांबले होते. ते मुरियलकडे पाहत होते.

"पुतळे? भिंतीपलीकडे होते. डोकी नसलेले देव. मी चार वर्षांची. आई सांगायची, गप झोप, नाहीतर बिनडोक्याचे येतील."

"आईला पुतळ्यांचं कुठून कळणार?" एनिड म्हणाली. "ते गुपित होतं. तू नंतर पेपरात वाचलंस."

"तू होतीस का तिथे?"

"होते! बेचाळीसनंतर होते."

"दुपट्यात होतीस. दुपट्यातल्याची साक्ष धरत नाहीत."

टोपीवाला इतका हसला की त्याला कॅमेरा खाली ठेवावा लागला. कीथ मात्र हसत नव्हता. तो आईचा चेहरा पाहत होता, भिंतीतली भेग पाहावी तसा.

मग कुणीतरी विचारलं की युद्धानंतर या फाट्यावर फार गर्दी असायची का, आणि मुरियल म्हणाली, "गर्दी? आमचे बाबा असायचे."

एनिडला पुढचं माहीत होतं. बाबा कॉव्हेंट गार्डनच्या भाजीबाजारात हमाल होते. मध्यरात्रीनंतर टोपल्या उचलायला लागायचे आणि सकाळी मोकळे व्हायचे. घरी दोन खोल्या, रडणारी बाळं आणि कामं सांगणारी आई. म्हणून बाबा ऑल्डविचहून होबर्नचं तिकीट काढत आणि गाडीत कोपऱ्यात बसून झोपत. गाडी होबर्नला जाई, परत येई, परत जाई. दिवसभर तीच गाडी, तीच दोन स्टेशनं. दुसऱ्या कुठल्या फाट्यावर झोप लागली तर माणूस भलत्याच गावी पोहोचतो. इथे झोपलेला माणूस कुठेच पोहोचत नसे. डोळे उघडले की समोर ऑल्डविच दिसे, आणि बाबांना दर वेळी वाटे की गाडी अजून सुटलीच नाही. ते पुन्हा डोळे मिटत.

"आई मला पाठवायची त्यांना उठवायला," मुरियल सांगत होती. "आणि एकदा मी गेले, तर कोपऱ्यात बाबा. अंगाला सेलरीचा आणि ओल्या गोणपाटाचा वास. मी उठवलंच नाही. शेजारी जाऊन बसले. गेलो होबर्नला, आलो परत, गेलो. मग त्यांनी एक डोळा उघडला, बाहेर ऑल्डविच, आणि मला म्हणाले, 'काय गं, सुटली नाही वाटतं अजून?' मी म्हटलं, 'नाही बाबा. झोपा.'"

बाया हळहळल्या. बेथनचे डोळे ओले झाले.

एनिडच्या कानशिलात मात्र रक्त चढलं. "ती मी होते."

"कोण?"

"गाडीत. बाबांशेजारी. ती मी होते, मुरियल. तू तेव्हा टोप्यांच्या दुकानात कामाला होतीस. मी दहा वर्षांची होते, आणि मी एकटी गेले होते."

"तू मला सांगितलं असशील."

"सांगितलंच! सांगितलं म्हणून तर तुला माहीत आहे!"

"मग ते दोघींचं झालं," मुरियल शांतपणे म्हणाली आणि टोपीवाल्याकडे वळली. "तर झालं काय, आईला कळलं..."

एनिड फलाटाच्या कडेच्या पिवळ्या दोरीपाशी जाऊन उभी राहिली. सबंध बालपणात तिच्या एकटीच्या मालकीची अशी गोष्ट एकच होती. कोट मुरियलचे वापरलेले, बूट मुरियलचे, युद्धसुद्धा मुरियलने आधी वापरून दिलेलं. ही एक गाडी तेवढी तिची होती.

कीथ मागून आला. हळूच म्हणाला, "मावशी, खरं सांग. तू होतीस ना? आईची गल्लत होतेय ना? मला जिन्यापेक्षा याचीच जास्त काळजी आहे. आठवणी अशा एकमेकींत मिसळायला लागल्या की..."

एका वाक्याचं काम होतं. एनिडने हो म्हटलं असतं तर वर चढायचीही गरज उरली नसती.

"गल्लत?" ती फणकारली. "गल्लत कसली? ही चोरी आहे. तिचं डोकं घड्याळासारखं चालतं. साठ वर्षं चोरतेय ती माझ्या वस्तू, एकदाही चुकून दुसऱ्याची उचलली नाही."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की पंचाने आत्ता दुसऱ्या बाजूला एक गुण दिला. तिला स्वतःचाच राग आला. ठीक आहे. जिन्यावर बघून घेऊ.

*

"एकामागे एक," बेथनने बजावलं. "जिना अरुंद आहे, कुणी कुणाला ओलांडायचं नाही. कुणी थांबलं तर त्याच्या मागचे सगळे थांबतील. मी सगळ्यांत शेवटी."

टोळी वर सरकू लागली. कीथ आईच्या अगदी पुढे राहणार होता, पण लॉरेनने त्याचं कोपर धरलं. "तू माझ्यापुढे चल. माझा तोल गेला तर कुणाला धरू?" लॉरेन आठवड्यातून तीनदा पोहायला जात असे. तिचा तोल गेलेला कुणी पाहिला नव्हता. तरीही क्रम ठरला तो असा: कीथ, लॉरेन, एनिड, मुरियल आणि शेवटी दिवा घेतलेली बेथन.

पहिली काही वळणं मुरियल बोलत होती. आईने बाबांना कसं पकडलं, होबर्नचं तिकीट कोटाच्या खिशात कसं सापडलं, आणि 'होबर्नला कोण राहते ती?' म्हणून घरात कसा हलकल्लोळ झाला. "बाबांना शपथेवर सांगावं लागलं की ते कुठेही जात नाहीत. आईचा विश्वास बसेना. तिकीट काढून कुठेही न जाणारा माणूस तिने..."

आणि मुरियल बोलायची थांबली.

गोष्टीच्या मध्येच. एनिडच्या आठवणीत असं यापूर्वी एकदाच झालं होतं, सिरिल गेला त्या आठवड्यात.

एनिड चढत राहिली, पण आता ती कान देऊन ऐकत होती. मागून श्वास येत होता. आत घेताना आखूड, सोडताना लांब, आणि दर सोडण्याच्या शेवटी बारीक शिट्टी. पावलं अजून लयीत होती, पण हात नव्हता. कठड्यावर हात आधी पुढे जायचा आणि मग पाऊल. आता पाऊल पडून गेल्यावर हात उशिरा येत होता, चाचपत. एनिडने मान जराशी वळवून पाहिलं. मुरियलचा चेहरा खाली होता. तिची वाढदिवसाची जांभळी टोपी तेवढी दिसत होती. टोपी थरथरत होती.

अजून दोन वळणं टिकेल. फार तर तीन.

"मावशी!" वरून कीथची हाक आली. "काय परिस्थिती?"

पंचाने खरं ते सांगायचं असतं. एनिडने तोंड उघडलं.

आणि तिला जांभळी खोली दिसली. तिथे मुरियल बसली होती, खुर्चीत, बागेकडे तोंड करून, दुपारी चारला मिळणाऱ्या चहाची वाट पाहत. कारण चहा स्वतः करायचा नसतो, भाजेल. जॅनिसने एनिडची किटली वरच्या फळीवर ठेवली होती, स्टूल घेतल्याशिवाय हाताला येणार नाही अशी, आणि स्टुलावर चढायचंही नसतं. त्याबद्दल एनिडने एक शब्द काढला नव्हता. पहिल्या वर्षी तिला काढावासा वाटला होता, दुसऱ्या वर्षी कमी, आणि आता ती चार वाजायची वाट पाहायची. मुरियलही पाहील. वर्षभरात ती बुधवारच्या माशांबद्दल बोलायला लागेल. बाबांची गोष्ट कुणाला सांगणार नाही, स्वतःची म्हणूनही नाही आणि एनिडची म्हणूनही नाही. मग त्या गाडीत कोण बसलं होतं यावरून एनिडशी भांडणारं जगात कुणी राहणार नाही.

"आई गं!" एनिड म्हणाली आणि जागीच थांबली. एक हात कठड्यावर, दुसरा छातीवर. मग छाती जरा जास्तच होतेय असं वाटून तिने तो गुडघ्यावर नेला. "थांबा! मला... मला जरा..."

"सगळे थांबा!" बेथन खालून ओरडली.

जिना थांबला. एनिडच्या मागे शिट्टी वाजत होती. तिने मुद्दाम मोठ्याने कण्हायला सुरुवात केली, म्हणजे ती शिट्टी त्यात बुडावी.

"मावशी, काय झालं?"

"गुडघा रे. अचानक. तू येऊ नकोस, जागा नाही."

मग तिच्या पाठीला, दोन खांद्यांच्या मधे, काहीतरी टेकलं. ऊबदार आणि जड. एनिडला कळायला क्षण लागला. ते मुरियलचं कपाळ होतं. एनिडने पाय घट्ट रोवले आणि पाठ भिंतीसारखी सरळ केली. दोघी तशाच राहिल्या. शिट्टी बारीक झाली, मग गेली. मग पाठीवर कपाळ तसंच ठेवून मुरियल सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात कडाडली, "आता काय झालं हिला? आवर गं! लोक खोळंबलेत!"

"झालं, झालं," एनिड रडवेल्या आवाजात म्हणाली.

पुढच्या वेळी तिने शिट्टी सुरू व्हायची वाट पाहिली नाही. हात कठड्यावर उशिरा पडू लागताच ती वाकली. "बुटाची नाडी सुटली."

या वेळी लॉरेन एक पायरी खाली आली. वाकून तिने बुटाकडे पाहिलं. एनिडचे बूट चिकटपट्टीचे होते, जॅनिसने आणलेले, नाडी नसलेले. लॉरेनने बुटाकडे पाहिलं, एनिडकडे पाहिलं, मग एनिडच्या खांद्यावरून मागच्या जांभळ्या टोपीकडे पाहिलं.

"हो की," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "चांगलीच सुटलीय. नीट बांधा. सावकाश. दुहेरी गाठ मारा."

"मी बघू का?" कीथ.

"तू वर जा! इथे गर्दी करून हवा अडवू नकोस." आणि वाकलेली असतानाच ती एनिडच्या कानात पुटपुटली, "माझं शिवणयंत्र तिथे बसेल, खिडकीपाशी. मी माप घेऊन ठेवलंय."

एनिडने नसलेली नाडी अगदी मन लावून बांधली. पाठीला कपाळ टेकलेलं होतं.

त्यानंतर तिचा डावा पाय मुंग्यांनी भरला, मग तिला शिंका आल्या. एकदा तिने नुसतंच "सिरिल!" म्हणून उसासा टाकला आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. त्यावर बेथन फार हळवी झाली आणि म्हणाली, हवा तेवढा वेळ घ्या. सिरिल हिचा नवरा नव्हता हे कुणीतरी तिला सांगायला हवं होतं, पण पाठीमागून फक्त एक दबलेला, शंकास्पद खोकला आला.

शेवटच्या वळणावर दिवसाचा उजेड भिंतीवर पडला. "सर बाजूला, गोगलगाय!" असं म्हणत मुरियलने एनिडला ढकललं आणि शेवटच्या चार पायऱ्या ती एकटी, मान ताठ ठेवून, राणीसारखी चढली. टोपीवाल्याने टाळ्या वाजवल्या.

*

दारापाशी कीथने खुर्ची मिळवली आणि त्यात एनिडला बसवलं. कुणीतरी पाणी दिलं. मुरियल शेजारी उभी होती, भिंतीला न टेकता. गाल मात्र तिच्या टोपीच्या रंगाचे झाले होते.

"मग?" ती म्हणाली. "पंचांना विचार."

कीथ एनिडसमोर उकिडवा बसला. "मावशी. खरं खरं."

"बसली नाही," एनिड म्हणाली. "कुणी धरून चढवलं नाही. स्वतःहून एकदाही थांबली नाही. वाटेत अडथळा होता, म्हणून तिला थांबावं लागलं. तुझ्या नियमात आहे ते."

"अडथळा कोण?"

"मी."

कीथने आईकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, मग बायकोकडे. लॉरेन भिंतीवरची नव्वद सालची सूचना फार लक्ष देऊन वाचत होती. आयुष्यभर त्याने लोकांचे दावे तपासले होते आणि काहीतरी जळतंय हे त्याच्या नाकाला नक्की कळलं असणार. पण नियम त्याचेच होते. तो उठला, पॅन्टचे गुडघे झटकले आणि म्हणाला, "ठीक आहे, आई. खोलीचं नाव काढणार नाही."

"माझं शिवणयंत्र," लॉरेन सूचनेकडे बघत म्हणाली.

"पण मावशी," कीथने मोबाईल काढला, "तुझी ही अवस्था मला माहीतच नव्हती. गुडघा, मुंग्या, आणि मध्येच माझ्या बाबांना हाका. हे साधं नाही. मी जॅनिसला सांगतो. उद्याच डॉक्टर. आणि यापुढे तुला जिने पूर्ण बंद. त्यांच्या मागच्या दाराच्या पायऱ्यासुद्धा."

एनिडने पाण्याचा पेला खाली ठेवला. मागच्या दाराने ती रोज सकाळी सगळे उठायच्या आत एकटी बाहेर पडायची, तळ्यापर्यंत जाऊन यायची. हा हिशेब तिने जिन्यावर केला नव्हता. तिने वर पाहिलं. काय म्हणणार? की मी ठणठणीत आहे? मग मुरियलचं काय?

मुरियल तिच्याकडेच पाहत होती. फलाटावर चोरलेल्या गोष्टीसाठी तिने क्षमा मागितली नव्हती, आताही मागणार नव्हती. तिने फक्त सावकाश ओठ पुसले.

"जॅनिसला सांग," मुरियल म्हणाली, "की एनिड काही दिवस माझ्याकडे राहील. अशा अवस्थेत ही गाडीने ऑर्पिंग्टनला जाणार? मला बघवणार नाही. माझी एकुलती एक बहीण."

"तुझ्याकडे?" कीथचा आवाज चिरकला. "आई, तिसरा मजला! तुला दिसतंय ना तिची काय दशा झाली? ती चढणार कशी?"

"हळूहळू," मुरियल म्हणाली, आणि तिने एनिडच्या काखेत हात घालून तिला खुर्चीतून उठवलं. कोण कुणाला धरतंय हे लांबून पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं. "मी थांबेन ना तिच्यासाठी. प्रत्येक वळणावर."

एनिडने खांदे पाडले, एक पाय ओढायला सुरुवात केली, आणि रस्ता ओलांडेपर्यंत, कीथ बघतोय तोवर, जमेल तितकं केविलवाणं तोंड केलं.